मुसफ्फात घडवलेला तवा

मी स्वप्नाळू बाई नाही. इस्लामपूरच्या एका हायस्कूलच्या कार्यालयात हिशेब पाहते. घरचा दीड एकर ऊस आहे, त्याचं पाणी, खत, तोड, सगळं डोक्यात आकड्यांनीच राहतं. तरी अबुधाबीहून परत आल्यापासून एक खोड लागली आहे. सकाळी ओट्याशी उभी राहते, तवा तापतो, त्यावर पहिला धूर उठतो, आणि मला वाळवंटातलं धुकं दिसतं. लाटणं हातात तसंच राहतं. आतून आमचे हे विचारतात, "झाली का पोळी, की अजून अबुधाबीतच?"

तिकडून आलेले लोक उंच इमारतींची उंची सांगतात, सोन्याचा भाव सांगतात. मला ते विचारू नका. मी त्यांतलं काहीच पाहिलं नाही. मी पाहिलं माझ्या बहिणीचं घर, एक धुकं आणि एक तवा.

खलिफा सिटी

शैला माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटी. लग्न होऊन अबुधाबीला गेली ती तिथलीच झाली. तिचे यजमान प्रकाशराव रुवैसला रिफायनरीत आहेत. ते गाव पश्चिमेला, गाडीनं अडीच तासांवर. म्हणून ते आठवडाभर तिकडे राहतात आणि शैला मुलीला घेऊन इकडे, खलिफा सिटीत, एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. विमानतळ इतका जवळ की विमानं गच्चीला ओळख देऊन उतरावीत तशी उतरतात.

जानेवारी होता. खलिफा सिटीत सगळ्या भिंती वाळूच्या रंगाच्या, त्यांवरून बोगनवेल बाहेर वाकलेली, रस्ते आमच्या हायवेएवढे रुंद आणि त्यांवर चालणारं माणूस एकही नाही. मधूनच एखादं मांजर रस्ता ओलांडतं, तेही घाई न करता. पहिल्या सकाळी मी शाल घेऊन फिरायला निघाले आणि तीन वळणांनंतर पुन्हा त्याच दारात आले असं वाटून थबकले. दार दुसऱ्याचंच होतं. सगळी दारं सारखी.

फोनवर शैला म्हणाली होती, "ताई, ये गं थोडे दिवस, हवा छान आहे." खरं कारण विमानतळावरून घरी येताना गाडीत कळलं होतं.

"सायलीला तू सांग. तुझं ऐकते ती. तू कशी आकडे मांडून सांगतेस, तसं सांग."

सायली म्हणजे शैलाची एकुलती एक, बावीस वर्षांची, जन्मापासून तिथलीच. साहित्य घेऊन पदवी झाली. आता तिला पुढं शिकायला जायचं होतं, तेही त्रिनिदादला. विषय काय, तर कॅरिबियन बेटांवरच्या बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्यांमधल्या आया आणि मुली. प्रवेश मिळाला होता, शिष्यवृत्तीही. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

"कॅनडा म्हणाली असती तर समजलं असतं," शैला म्हणाली. "नकाशात बोट ठेवलं तर बोटाखाली झाकलं जातं ते गाव. आणि तिथं जाऊन शिकायचं काय, तर आई कशी वाईट!"

घरात दोघींचं बोलणं बंद होतं. म्हणजे तोंडानं. घरच्या तिघांचा मोबाइलवर ग्रूप होता, त्यावर सगळं चालायचं. सायली तिच्या खोलीतून लिहायची, 'गीझर ऑन आहे का?' शैला स्वयंपाकघरातून लिहायची, 'आहे.' दोन्ही खोल्यांमध्ये एक भिंत. रुवैसहून प्रकाशराव दोन्हीला अंगठ्याचं चित्र टाकायचे.

एका संध्याकाळी मी सायलीला गच्चीत गाठलं आणि सरळ विचारलं, "काय असतं गं त्या पुस्तकांत?"

"यू रिअली वाँट टू नो, मावशी? की आईनं पाठवलंय?"

"पाठवलंय. पण विचारतेय ते माझं मीच."

ती हसली. मग मराठी-इंग्रजीची मोट बांधून तिनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. त्या बेटांवर उसाचे मळे. तोडणीला आधी आफ्रिकेतून गुलाम आणले, गुलामगिरी संपल्यावर आपल्याकडून जहाजांतून करारावर माणसं नेली, त्यांत बायकाही. राज्य इंग्रजांचं, आणि इंग्लंड स्वतःला त्या बेटांची आई म्हणवायचं. शाळेत मुलींना त्या लांबच्या आईसारखं बोलायला, बसायला, लाजायला शिकवायचे. आणि घरातली खरी आई, जिचे हात उसानं चिरलेले, तीही मुलीला तेच सांगायची. नीट चाल, मोठ्यानं हसू नकोस, कपड्याला इस्त्री हवी, लोक काय म्हणतील. कारण आईला माहीत, मुलीचं पाऊल चुकलं तर तिला वाचवायला कुणी येणार नाही. बाप बहुतेक गोष्टींत कामाला कुठंतरी लांब. मग राज्य गेलं, झेंडा बदलला, आणि आया मात्र तेच सांगत राहिल्या. म्हणून मुली भांडतात, आणि भांडून निघून जातात.

ऊस म्हटल्यावर माझे कान टवकारले होतेच. मी म्हटलं, "आपणही सरकारला मायबाप म्हणायचो की. अजून अर्जात कुणीतरी लिहितं."

सायलीनं मान वर केली. "मायबाप! मावशी, मी हे वापरू?"

"वापर. पण मग तूही भांडून जाणार का?"

तिनं समोरच्या बंगल्याच्या कठड्याकडे पाहिलं. तिथं एक कबूतर झोपल्यासारखं बसलं होतं.

"दॅट्स द थिंग," ती म्हणाली. "पुस्तकांत सगळ्या भांडून जातात. मला आईला सांगून जायचंय. ती नुसती गप्प राहिली ना, तर मी नाही जाणार. मेल लिहून ठेवलाय. पाठवत नाहीये."

आकडे मांडून सांगायला आले होते, पण मांडायला एकही आकडा सापडेना.

मुसफ्फा

दुसऱ्या दिवशी सायली म्हणाली, "मावशी, मुसफ्फाला येतेस? तवा बनवायचाय." तिला या पुस्तकांची वाट दाखवणाऱ्या बाई, मिस सुमिन्त्रा, खलिफा सिटीतच राहत होत्या. मूळच्या त्रिनिदादच्या, शाळेत इंग्रजी शिकवून आता निवृत्तीला आलेल्या, स्वतःही गोष्टी लिहिणाऱ्या. त्यांचा रोटीचा मोठा तवा तिकडेच राहिला होता आणि दुकानात मिळणाऱ्या बुळबुळीत नॉनस्टिक तव्यावर त्यांची रोटी होत नव्हती. सायलीला त्यांना तवा भेट द्यायचा होता. शैला या बाईंना कधी भेटली नव्हती. "तिनंच डोक्यात भरवलंय सगळं," एवढंच तिचं मत.

मुसफ्फा म्हणजे गॅरेज, वर्कशॉप, पत्रे, पाइप. खलिफा सिटीतली सगळी माणसं जणू सकाळी इथं आणून ओतलेली. हवेत वेल्डिंगचा वास आणि चहाचा. सायलीच्या माहितीतले युसूफभाई रत्नागिरीकडचे निघाले. मी मराठीत बोलल्याबरोबर त्यांनी वेल्डिंगची काच डोक्यावर सारली.

"ताई, गल्फात येऊन तवा? लोक सोनं नेतात ओ."

"सोन्यावर पोळी भाजत नाही," मी म्हटलं.

मग माप. मिस सुमिन्त्रांनी सायलीला दोन्ही हात पसरून 'एवढा' असं दाखवलं होतं, बस. मी सायलीला तसेच हात पसरायला लावले, माझ्या वितीनं मोजलं, वीत नऊ इंची आहे हे मला माहीत आहे. दोन विती, अठरा इंच. जाडी मी ठरवली, पाच मिलिमीटर. "आणि मधे किंचित खोल. बशीसारखा नको, तळहातासारखा." युसूफभाईंनी तळहात पुढं करून विचारलं, "माझ्या की तुमच्या?" त्यांच्या हातात चमचाभर तेल साठेल एवढा खळगा होता. मी माझा दाखवला.

"खलास, ठरलं. संध्याकाळी न्या. साठ दिऱ्हम." मी मनात चोवीसनं गुणायला लागले तोवर सायली म्हणाली, "मावशी, प्लीज, कन्व्हर्ट नको करूस."

संध्याकाळी तवा तयार होता, निळसर काळा, कडेला घासल्याच्या चमकत्या रेषा. टिचकी मारली तर देवळातल्या घंटेसारखा आवाज. टॅक्सीत सायलीनं तो मांडीवर घेतला, सीटबेल्टच्या आत, आणि वाटेत एकटीच उतरून बाईंना देऊन आली.

रुवैसच्या वाटेवर

त्या आठवड्यात प्रकाशरावांना घरी यायला जमणार नव्हतं, म्हणून शनिवारी आम्हीच त्यांना भेटायला निघालो. गाडी शैला चालवत होती. माझी धाकटी बहीण, जिला इस्लामपूरला सायकलवरून गल्लीबाहेर जायची परवानगी नव्हती, ती एवढी मोठी गाडी वाळवंटातून हाकत होती आणि मागच्या सीटवरच्या मुलीला एकटं सोडायला घाबरत होती. हे मी बोलणार होते. बोलायची वेळच आली नाही, कारण शहर संपलं आणि धुकं आलं.

असं धुकं मी जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडे कृष्णेवर सकाळी धुकं असतं, पण त्याला काठ असतो. याला काठच नव्हता. रस्त्यावरच्या विजेच्या पाट्यांवर वेगमर्यादा ऐंशीवर आली. पुढच्या गाडीचे दोन लाल दिवे तेवढे दिसायचे, मग तेही विरघळायचे. एका बाजूला मिठागरासारखी पांढरी सपाट जमीन, दुसऱ्या बाजूला म्हणे समुद्र. दोन्ही सारखेच पांढरे. आपण गाडीत आहोत की कुणाच्या तरी आठवणीत, कळेना.

त्या पांढऱ्यात सायली बोलायला लागली. मला सांगत होती, पण आवाज पुढं पोचेल एवढा. कुठलीशी मुलगी बोटीवर चढते आणि धक्क्यावरची आई लहान होत जाते. कुठली परदेशात बर्फात उभी राहून आईचं पत्र न उघडता खिशात ठेवते. कुठली आरशात पाहते आणि तिला आईचा चेहरा दिसतो, तेव्हा ती आरसा भिंतीकडे फिरवते. मला त्या मुली त्या धुक्यातून आमच्या गाडीच्या बाजूनं चालत असाव्यात असं वाटायला लागलं. मी काच थोडी खाली केली. गार, खारट हवा आत आली.

"मग त्या आईचं पुढं काय होतं?"

हे शैला म्हणाली. पुढं बघत, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून. कित्येक दिवसांत मुलीला उद्देशून पहिलं वाक्य.

सायली गडबडली. "कुठल्या आईचं?"

"धक्क्यावर राहिली तिचं. ती घरी गेली असेल ना? स्वयंपाक केला असेल का?"

"आई, ते... पुस्तक मुलीबरोबर जातं. आय मीन, गोष्ट मुलीची आहे."

"तेच," शैला म्हणाली आणि तिनं वायपर लावले.

धुकं अकराच्या सुमारास उचललं, एखाद्यानं चादर काढावी तसं, आणि रस्त्याकडेला उंट उभे होते.

रुवैसला प्रकाशरावांनी जेवायला घातलं. स्वतः सुरमई तळली होती, भात केला होता. मग समुद्रावर नेलं. पाणी तळ्यासारखं शांत, पलीकडे रिफायनरीच्या चिमण्या. मी विषय काढला. ते वाळूकडे बघत म्हणाले, "तुम्ही बायका ठरवा. माझं काय, मी दोघींच्याही बाजूनं आहे."

परत निघताना गाडी सुरू झाल्याबरोबर सायली म्हणाली, "मावशी, दॅट वॉज चॅप्टर टू. बाप कामाला लांब, आणि दोघींच्याही बाजूनं."

शैलाला हसू आवरेना. हसली ते तिला आवडलं नाही, म्हणून तिनं रेडिओ लावला.

पुन्हा खलिफा सिटी

रविवारी मिस सुमिन्त्रा जेवायला येणार होत्या. बोलावलं मी. शैलाला म्हटलं, "जिच्यावर एवढा राग आहे ती दिसते कशी ते तरी पाहू." शैलानं सकाळीच पोळ्या करून ठेवल्या, मटकीची उसळ, कोशिंबीर. कितीही राग असला तरी पाहुण्याचं ताट कमी पडायला नको.

बाई आल्या त्या फुलाफुलांच्या झग्यात, पांढरे केस आखूड कापलेले, पायात सपाता, चेहरा मात्र आमच्या वाळवा तालुक्यात कुठंही शोभावा असा. हातात कापडात बांधलेलं मोठं गाठोडं. नव्या तव्यावर रोट्या करून आणल्या होत्या आणि डब्यात भोपळ्याची भाजी. गाठोडं माझ्या हातात दिलं आणि त्या सायलीबरोबर हॉलमध्ये बसल्या. भोपळ्याच्या भाजीला मेथीचा वास होता. घरचा वास.

आम्ही दोघींनी ओट्यावर गाठोडं सोडलं आणि एकमेकींकडे पाहिलं. आत एकही रोटी अखंड नव्हती. नुसत्या चिंध्या, मऊ, तेलकट, एकमेकींत गुंतलेल्या.

"अगं ताई, सगळ्या फाटल्या," शैला कुजबुजली.

पाच मिलिमीटर जाडी मी ठरवली होती. "नवा तवा, चिकटला असणार. चार घ्यायला हवा होता."

"बिचारी. या वयात, परक्याच्या घरी फाटक्या घेऊन आली."

मग शैलानं जे केलं ते आमच्या आईनं केलं असतं, तिच्या आईनं केलं असतं. आमच्या घरात फाटलेली पोळी कधी ताटात गेली नाही. ती बाजूला पडायची आणि आई ती शेवटी उभ्यानं, कालवणाच्या भांड्यात बुडवून खायची. लाटताना पोळी फाटली की आम्हां दोघींनाही ऐकू यायचं, "सासरी काय दाखवाल?" शैलानं दुरडी घेतली, चिंध्या तळाशी घातल्या, वर तिच्या स्वतःच्या गोल गरगरीत पोळ्या रचल्या आणि मला दटावलं, "सायलीलाही सांगू नकोस. वरच्या वरच्या वाढ."

रागावलेली बाई ज्या बाईवर रागावली होती तिची अब्रू झाकत होती, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. आता येतं.

ताटं मांडली. मिस सुमिन्त्रांनी एक पोळी उचलली, उलटसुलट पाहिली, कौतुकानं मान हलवली आणि मग दुरडीत डोकावल्या. पोळ्या एकेक बाजूला करत थेट तळाशी गेल्या.

"माझ्या रोटीवर झाकण कुणी घातलं?" त्यांनी सायलीला विचारलं. सायलीनं भाषांतर केलं आणि आमच्याकडे पाहिलं. शैलाचा चेहरा उतरला.

"त्यांना सांग, फाटल्या तरी चालतात. चवीला काय होतंय. तवा नवा होता."

सायलीला कळायला क्षणभर लागला. मग ती टेबलावर डोकं ठेवून हसायला लागली. "आई! दे आर सपोज्ड टु बी ब्रोकन! मुद्दाम फोडतात. तव्यावरच, दोन लाकडी उलथन्यांनी. झोडपतात अक्षरशः!"

मिस सुमिन्त्राही इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. मग हात हलवत दाखवायला लागल्या, पीठ कसं तेल लावून गुंडाळायचं, कसं थांबायचं, भाजत आलं की दोन्ही बाजूंनी कसं हाणायचं, पदर न् पदर सुटेपर्यंत. त्रिनिदादला या रोटीला फाटक्या सदऱ्याच्या नावानं ओळखतात म्हणे. जितकी मोडेल तितकी करणारीण हुशार.

शैलानं एक चिंधी तोंडात घातली. मग दुसरी. भाजीशिवाय.

"माझी आजी गोल करायची," मिस सुमिन्त्रा म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखर 'आजी' हाच शब्द वापरला, तेव्हा आम्ही दोघी एकदमच दचकलो. "उसाच्या मळ्यात दिवसभर राबून आली तरी गोल. आई पण. आईची मोडली की ती चुलीजवळच खायची, कुणाला दाखवायची नाही."

"उभ्यानं?" शैलानं विचारलं. मराठीतच.

सायलीनं सांगायच्या आत बाईंनी मान हलवली. हातानंच उभं राहण्याची खूण केली.

"मी शिकायला इंग्लंडला निघाले तेव्हा आई माझ्याशी बोलत नव्हती. तिला माझं लग्न करायचं होतं. निघायच्या दिवशी पहाटेपासून ती चुलीशी, पाठ माझ्याकडे. बाहेरही आली नाही. माझ्या भावानं गाडीत एक पुडकं दिलं. मी रागानं उघडलंच नाही. विमानात भूक लागली तेव्हा उघडलं. आत ही होती. मोडलेली, एवढी मऊ की हातात येईना." त्यांनी दुरडीतली एक चिंधी उचलली. "आमच्याकडे ही रोज नाही करत. ही लग्नघरात करतात."

सायलीनं शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं. खिडकीबाहेरून एक विमान उतरलं, पेले किंचित किणकिणले.

"आणि आईचं पुढं काय झालं?" शैलानं विचारलं.

मिस सुमिन्त्रांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "त्या संध्याकाळी ती शेजारणीच्या घरी जाऊन बसली आणि माझी मुलगी विमानात बसली म्हणून सगळ्यांना सांगत सुटली. हे मला भावानं वीस वर्षांनी सांगितलं. मी लिहिलेल्या गोष्टींत ते नाही. मला माहीतच नव्हतं."

जाताना बाईंनी शैलाचे दोन्ही हात धरले. शैलानं रिकाम्या डब्यात साखर घालून तो परत दिला. रिकामा डबा परत करायचा नाही, तेही आईचंच.

मुसफ्फाहून विमानतळ

सोमवारी संध्याकाळी माझं विमान. शैला म्हणाली, दुपारीच निघू. विमानतळ तिच्या घरापासून पंधरा मिनिटांवर, मला घाईचं कारण कळेना. गाडी उलट्या दिशेला वळली. सायली मागे, फोन हातात, मेल न पाठवलेला. मी सकाळी तिला खुणेनं विचारलं होतं, तिनं मानेनंच नाही म्हटलं होतं. आईनं अजून काही म्हटलं नव्हतं.

गाडी थांबली ती युसूफभाईंच्या वर्कशॉपसमोर. बाहेर ठिणग्या उडत होत्या, उन्हात त्या सोनेरी दिसत नव्हत्या, नुसत्या पांढऱ्या.

"या दोघींनी नेला तसाच तवा हवाय," शैला म्हणाली.

मी म्हटलं, "अगं, माझी बॅग आधीच तेवीस किलो भरलीय. आणि मला काय करायचाय एवढा?"

"तुला नाही ताई. हिला. न्यायला."

सायली फोन खाली घेऊन आईकडे वळली. मग म्हणाली, "आई... त्रिनिदादमध्ये घरोघरी तवे आहेत. इट्स लाइक, दे हॅव तवाज एव्हरीव्हेअर."

"असू देत की. हा आपला." शैला अजून युसूफभाईंकडेच बघत होती. मग वळली. "मेल पाठवलास का? सोमवार आहे आज."

सायलीनं फोन वर केला. मेलवर अंगठा दाबला. प्रकाशरावांचा अंगठा ग्रूपवर येईल तेव्हा येईल, इथं कुणी त्याची वाट पाहिली नाही. सायली येऊन आईच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली, वर्कशॉपच्या त्या सगळ्या आवाजात, आणि शैला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जरा जोरातच, पीठ मळावं तसा.

युसूफभाईंनी खडू घेतला. "माप काय धरू? पोरगी एकटीच ना? बारा इंची पुरेल."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात शैला म्हणाली, "नाही, अठराच धरा. मी जाईन तेव्हा आम्हां दोघींना लागेल."

युसूफभाई वाकले आणि पत्र्यावर त्यांनी पांढरा गोल काढला.